ट्रॅक डेच्या गाड्या: कोण कुठे पुढे जातं आणि का

चेन्नईहून बंगळुरूच्या रस्त्याला लागलं की श्रीपेरुंबुदूरच्या अलीकडे इरुंगाट्टुकोट्टई येतं. मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबचा रेसट्रॅक इथे आहे. १९९० साली सुरू झालेला हा ट्रॅक आता मद्रास इंटरनॅशनल सर्किट म्हणून ओळखला जातो. एक फेरी साधारण ३.७ किलोमीटरची, त्यात बारा वळणं. शर्यती नसतात तेव्हा कधीकधी इथे ट्रॅक डे ठेवला जातो. म्हणजे फी भरायची, गाडी तपासून घ्यायची आणि दिवसभर ठरलेल्या वेळी ट्रॅकवर चालवायची. असेच ट्रॅक डे कोइंबतूरजवळ चेट्टिपाळयमच्या कारी मोटर स्पीडवेवर आणि ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवरही होतात. पुण्या-मुंबईचे रायडर गाड्या टेम्पोत बांधून हजार-बाराशे किलोमीटर जातात ते यासाठी.

पहिल्यांदा पॅडॉकमध्ये पाऊल टाकणारा माणूस गोंधळतो. पॅडॉक म्हणजे गाड्या उभ्या करायची, दुरुस्तीची जागा. तिथे दीडशे सीसीच्या यामाहा आर१५ शेजारी दोनशे हॉर्सपॉवरची कावासाकी झेडएक्स-१०आर उभी असते. पलीकडे रॉयल एनफिल्डची काँटिनेंटल जीटी, तिच्या मागे हेडलाइट काढलेली, नंबराचे आकडे चिकटवलेली अपाचे आरआर ३१०. कुणी रोज ऑफिसला नेतो तीच केटीएमची ड्यूक घेऊन आलेला असतो. या सगळ्या एकाच ट्रॅकवर कशा चालणार, हा प्रश्न रास्त आहे.

उत्तराची सुरुवात अशी की ट्रॅक डे ही शर्यत नव्हे. इथे नंबर काढत नाहीत. गट पाडतात ते गाडीच्या सीसीवरून पाडत नाहीत, चालवणाऱ्याच्या अनुभवावरून पाडतात: नवखे, मधले आणि वेगवान. प्रत्येक गटाला पंधरा-वीस मिनिटांचं सेशन मिळतं, मग दुसरा गट. त्यामुळे मधल्या गटात आर१५ आणि लीटर क्लासची गाडी, म्हणजे हजार सीसीच्या आसपासची, सहज एकत्र सापडतात. आणि मग पिट वॉलजवळ, म्हणजे सरळपट्टीच्या कडेच्या भिंतीशी, उभ्या असलेल्या माणसाला एक दृश्य पुन्हा पुन्हा दिसतं. सरळपट्टीवर मोठी गाडी लहानीला क्षणात मागे टाकते. वळण येतं आणि लहान गाडी पुन्हा तिच्या मागच्या चाकाला येऊन चिकटते. वळण संपतं, मोठी परत निघून जाते.

हे असं का होतं ते कळलं की पॅडॉकमधल्या प्रत्येक गाडीचा स्वभाव उलगडायला लागतो.

सरळपट्टीचं गणित आधी घेऊ, ते सोपं आहे. वेग वाढला की हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, आणि तो विरोध कापायला लागणारी ताकद वेगाच्या घनाने. दुप्पट वेग हवा असेल तर आठपट ताकद लागते. आर१५ ची ताकद साधारण १८ हॉर्सपॉवर, झेडएक्स-१०आरची दोनशेच्या आसपास. अकरापट ताकद, पण कमाल वेगात फरक पडतो जेमतेम सव्वादोन पट. एक ताशी १४०च्या आसपास थांबते, दुसरी ३००ला. उरलेल्या ताकदीचा खरा उपयोग तो वेग किती लवकर गाठता येतो यात दिसतो. म्हणून वळणातून बाहेर पडताना मोठी गाडी अशी सुटते की मागचा बघत राहतो.

आता वळण. गाडी वळते ती झुकून. किती झुकायचं हे दोनच गोष्टी ठरवतात: वेग आणि वळणाची त्रिज्या. पन्नास मीटर त्रिज्येचं वळण धरा. ताशी ७० ने गेलात तर साधारण ३८ अंश झुकावं लागेल. ८० ने गेलात तर ४५ अंश. ९० ने गेलात तर ५२च्या घरात. या हिशेबात गाडीचं वजन कुठेच येत नाही आणि हॉर्सपॉवरही येत नाही. दोनशे किलोची असो की एकशे चाळीसची, त्या वळणावर ८० ने जायचं तर दोघींनाही तेवढंच झुकायला हवं. प्रश्न इतकाच उरतो की टायरची पकड, फूटपेगची (पाय ठेवायच्या दांड्यांची) उंची आणि चालवणाऱ्याची छाती तिथपर्यंत साथ देते का.

इथे लहान गाडीला एक फायदा मिळतो. वर सांगितलेले अंश हे गाडी आणि रायडर या दोघांचे मिळून आहेत, आणि त्यात टायर अगदी बारीक धरला आहे. प्रत्यक्षात गाडी झुकली की टायरची जमिनीला टेकणारी जागा मधून कडेला सरकते. टायर जितका रुंद तितकी ती जास्त सरकते, आणि तेवढी भरपाई करायला गाडीला आणखी झुकावं लागतं. लीटर क्लासच्या गाडीचा मागचा टायर १९० मिलिमीटर किंवा त्याहून रुंद असतो, आर१५ चा १४०. म्हणजे एकाच वेगाला, एकाच वळणावर मोठी गाडी काही अंश जास्त झोपवावी लागते. रायडर सीटवरून आतल्या बाजूला उतरतो, गुडघा बाहेर काढतो, ते याचसाठी. शरीराचं वजन आत नेलं की गाडी तेवढी कमी झुकवून भागतं. गुडघा जमिनीला घासणं हा त्याचा परिणाम आहे, आणि नवख्यांनी त्याच्या मागे लागू नये असं मला कळकळीनं वाटतं. वळणावर नजर कुठे आहे हे आधी नीट झालं पाहिजे.

मद्रासच्या ट्रॅकवर सरळपट्टी संपते तिथे सी-वन नावाचं उजवं वळण आहे, वेगवान. दीडशे सीसीवर तिथे थ्रॉटल (वेग वाढवायची हँडलवरची मूठ) फारसा सोडावाच लागत नाही. लीटर क्लासची गाडी मात्र तिथे सव्वादोनशेच्या पुढच्या वेगानं येते, तिला ब्रेक लावावा लागतो, गिअर उतरवावे लागतात, आणि वेगाचा हा एवढा मोठा उतार मोजूनमापून करावा लागतो. एकाला त्या वळणावर फक्त दिशा द्यायची आहे, दुसऱ्याला आधी वेग कमी करायचा आहे. त्यामुळे नवख्या हातात लीटर क्लासची गाडी वळणावर जवळजवळ नेहमीच गरजेपेक्षा हळू जाते. माणूस घाबरून लवकर ब्रेक लावतो, जास्त लावतो, आणि मागून आर१५ वर येणारा कॉलेजचा पोरगा अडकून पडतो.

मोठ्या गाडीला थांबवणं किती जड काम आहे ते एका हिशेबातून कळतं. सुझुकी हायाबुसाचं वजन साधारण २६५ किलो. सूट-हेल्मेटसकट रायडर धरला तर ३४० किलो. ताशी २२० च्या वेगात या सगळ्यात सुमारे ६३५ किलोज्यूल ऊर्जा भरलेली असते. आर१५ रायडरसकट २१५ किलो, वेग १३० धरू: १४० किलोज्यूल. साडेचार पट फरक. ही ऊर्जा ब्रेक डिस्क आणि पॅडमधून उष्णता होऊन बाहेर पडते, दर फेरीला, दर मोठ्या वळणाला. रस्त्यावर ज्या ब्रेकबद्दल कधी तक्रार नव्हती, त्याचा लिव्हर चौथ्या-पाचव्या फेरीत हँडलच्या जवळ यायला लागतो. कारण ब्रेक ऑइल उकळतं, त्यात वाफेचे बुडबुडे होतात, आणि वाफ दाबली जाते, द्रव दाबला जात नाही. ट्रॅकवर जाण्याआधी ब्रेक ऑइल ताजं भरा असं जे सांगतात त्याचं कारण हे. जुन्या ऑइलनं हवेतला ओलावा शोषलेला असतो आणि ते कमी तापमानाला उकळतं.

हायाबुसा वाईट गाडी आहे असं यातून कुणी समजू नये. १९९९ साली आली तेव्हापासून तिचं काम ठरलेलं आहे: सरळ रस्त्यावर प्रचंड वेगानं, न डगमगता जाणं. तिच्या दोन चाकांमधलं अंतर १४८० मिलिमीटर आहे. आर१५ चं १३२५. लांब गाडी सरळ रेषेत स्थिर राहते आणि वळायला वेळ घेते. आखूड गाडी झटकन वळते आणि वेगात थोडी चंचल वाटते. समोरच्या शॉकअपचा कल किती तिरका आहे यानेही हेच ठरतं: जास्त तिरका तर गाडी स्थिर, जास्त उभा तर गाडी चपळ. पॅडॉकमध्ये गाड्या बाजूने बघत फिरा. फक्त पुढच्या दांड्यांचा कल आणि चाकांमधलं अंतर पाहून गाडी कोणत्या कामासाठी बनवली आहे ते बरंचसं ओळखता येतं.

भारतातल्या ट्रॅक डेचा कणा मात्र दीडशे ते साडेचारशे सीसीच्या गाड्या आहेत. २००८ साली आर१५ आली तेव्हा दीडशे सीसीच्या गाडीला पाण्यानं थंड होणारं इंजिन आणि मोठ्या स्पोर्ट्स गाडीसारखी डेल्टाबॉक्स चासी, म्हणजे सांगाडा, मिळाली. त्याआधी आपल्याकडे या किमतीत वळणासाठी बनवलेली गाडी नव्हती असं म्हणायला हरकत नाही. २०१४ मध्ये केटीएम आरसी ३९० आली, ३७३ सीसी, ४३च्या आसपास हॉर्सपॉवर, तरी हलकी. २०१७च्या डिसेंबरात टीव्हीएसची अपाचे आरआर ३१०. तिचं इंजिन उलटं बसवलेलं आहे: सिलिंडर मागे कललेला, हवा आत घेणारा भाग पुढे, सायलेन्सरचा पाइप मागून निघणारा. त्यामुळे इंजिन पुढच्या चाकाजवळ सरकवता आलं आणि मागचं चाक धरणारा स्विंगआर्म लांब ठेवता आला. पुढच्या टायरवर वजन आलं की वळणात शिरताना गाडी काय करते आहे ते हाताला नीट कळतं.

मराठी माणसाला इथे एक गोष्ट सुखावते. आरसी ३९० चाकणला बजाजच्या कारखान्यात तयार होते. निंजा ३०० ची जुळणी चाकणचीच. एप्रिलिया आरएस ४५७, जी २०२३ च्या शेवटी बाजारात आली आणि आता ट्रॅकवर दिसू लागली आहे, ती बारामतीच्या पियाजिओ कारखान्यातून येते. मद्रासच्या पॅडॉकमध्ये ओळीनं उभ्या असलेल्या गाड्यांपैकी कितीतरी पुणे जिल्ह्यात जन्मलेल्या असतात, आणि ही एप्रिलिया तर जगभर इथूनच जाते.

याच गाड्यांमध्ये एक वेगळी जात दिसते: फक्त शर्यतीसाठी तयार केलेली. जवळ जाऊन एक नीट पाहा. आरसे, इंडिकेटर, नंबर प्लेट, साइड स्टँड, काहीच नाही. हेडलाइटच्या जागी सपाट पत्रा. कंपनीच्या प्लास्टिकऐवजी फायबरचं कवच, म्हणजे गाडी पडली तरी स्वस्तात बदलता येतं. इंजिनखालचं कवच थाळीसारखं बंद, कारण इंजिन फुटलं तर ऑइल ट्रॅकवर न सांडता त्यात साठलं पाहिजे. ऑइल काढायच्या बोल्टला भोक पाडून त्यातून बारीक तार ओवलेली, पीळ देऊन बांधलेली, की थरथराटानं बोल्ट सैल होऊ नये. ब्रेक लिव्हरच्या बाहेरून एक कमान, शेजारच्या गाडीचा धक्का लागून चुकून ब्रेक दाबला जाऊ नये म्हणून. गिअर उलटे: पहिला वर, बाकी सगळे खाली. डावीकडे झुकलेलं असताना वरचा गिअर टाकायला पाय गाडी आणि जमिनीच्या फटीत घालावा लागत नाही, वरून दाबला की झालं. या एकेका बारीकसारीक गोष्टीमागे कधीतरी कुणीतरी पडलेलं आहे.

इंजिनाच्या रचनेनं गाडीचं वागणं फार बदलतं, आणि ते कानांनी ओळखता येतं. एका सिलिंडरची आरसी ३९० थ्रॉटल सोडला की इंजिनानंच जोरात ब्रेक लागल्यासारखी मंदावते. मागचं चाक उड्या मारू नये म्हणून तिला स्लिपर क्लच दिला आहे, जो गिअर उतरवताना थोडा सुटतो. दोन सिलिंडरची गाडी मधल्या आरपीएमला (इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांना) भरीव खेचते. चार सिलिंडर ओळीत असलेल्या गाडीचा आवाज चढत चढत किंचाळीपर्यंत जातो, आणि तिची खरी ताकद तिथे वरच असते. कावासाकी झेडएक्स-४आर फक्त ३९९ सीसीची, पण पंधरा हजार आरपीएमच्या पुढे फिरते; तिला पिळत ठेवलं नाही तर ती झोपाळू वाटते. डुकाटी पनिगालेच्या व्ही-फोर इंजिनात क्रँक, म्हणजे पिस्टननी फिरणारा इंजिनातला दांडा, चाकांच्या उलट दिशेनं फिरतो. फिरणारी जड वस्तू आपली दिशा बदलू देत नाही; गाडीची चाकंही तेच करतात. क्रँक उलटा फिरला की चाकांचा हा हट्ट थोडा कमी होतो आणि गाडी एका बाजूहून दुसऱ्या बाजूला लवकर फिरवता येते. जोरात रेस दिली की पुढचं चाक उचलण्याची ओढही त्यानं थोडी घटते.

आजच्या मोठ्या गाड्यांत सहा अक्षांवर हालचाल मोजणारा सेन्सर असतो. गाडी किती झुकली आहे हे त्याला कळतं आणि त्याप्रमाणे गाडीचा संगणक मागच्या चाकाची ताकद आणि एबीएसचा दाब बदलतो. या सोयींनी अनेकांची हाडं वाचवली आहेत. तरीही पहिल्यांदा ट्रॅकवर येणाऱ्यानं दोनशे हॉर्सपॉवरची गाडी आणू नये असं माझं ठाम मत आहे. लहान गाडीवर वळणातला वेग घालवला तर तो परत कमवायला पूर्ण सरळपट्टी लागते, त्यामुळे प्रत्येक चूक लगेच जाणवते. मोठी गाडी ती चूक थ्रॉटलच्या एका पिळात झाकून टाकते आणि माणूस शिकत नाही.

वेगळ्या गाड्यांचाही एक गट असतोच. काँटिनेंटल जीटी ६५० च्या स्वतंत्र शर्यती २०२१ पासून होतात, त्यामुळे ६४८ सीसीची ती दोन सिलिंडरची गाडी ट्रॅकवर आता कुणाला नवी नाही. तिचा मंद घुमणारा आवाज लांबून ओळखू येतो. उंच ॲडव्हेंचर गाड्या ब्रेक लावला की पुढे खूप वाकतात, कारण त्यांचे शॉकअप खड्ड्यांसाठी लांब ठेवलेले असतात, पण रुंद हँडलमुळे कारीसारख्या अरुंद, वळणावळणाच्या ट्रॅकवर त्या भल्याभल्यांना त्रास देतात. फेअरिंग, म्हणजे वारा अडवणारं पुढचं कवच, नसलेल्या ड्यूकचंही तसंच: वळणात मोकळी, सरळपट्टीवर छातीवर वारा. क्रूझरचे फूटपेग पुढे आणि खाली असल्यानं ते फार लवकर जमिनीला घासतात, त्यांना मी तरी ट्रॅकवर नेऊ नका असंच सांगतो.

कधीमधी एखादी आरएक्स १०० किंवा राजदूतची आरडी ३५० येते आणि सगळं पॅडॉक तिच्याभोवती जमतं. टू-स्ट्रोक इंजिनात थ्रॉटल सोडल्यावर मंदावणं जवळजवळ नसतंच, सगळं काम ब्रेकवर. आणि ताकद एका अरुंद पट्ट्यात एकदम येते, त्या पट्ट्यात इंजिन ठेवायला गिअर सतत बदलत राहावे लागतात. हा ट्रॅक होण्याआधी शर्यती शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर होत, तेव्हा या आवाजांचं राज्य होतं. दुसऱ्या टोकाला विजेच्या गाड्या आहेत. टीव्हीएसनं २०२३ मध्ये अपाचे आरटीई या विजेच्या गाडीची स्वतंत्र शर्यत मालिका सुरू केली. गिअर नाही, क्लच नाही, ताकद पहिल्या क्षणापासून हजर. अडचण बॅटरीच्या वजनाची आणि सततच्या जोरात चालवण्यानं वाढणाऱ्या तिच्या तापमानाची.

आपली रोजची गाडी घेऊन जायचं असेल तर फार काही लागत नाही, पण जे लागतं ते टाळून चालत नाही. पूर्ण चामड्याचा सूट, घोट्यावर येणारे बूट, मनगट झाकणारे ग्लव्हज, पूर्ण चेहऱ्याचं हेल्मेट. आरसे काढायचे, लाइटच्या काचांवर टेप लावायची, म्हणजे गाडी पडली तर काचा पसरत नाहीत. चेनचा ताण, ब्रेक पॅडची जाडी, सैल बोल्ट तपासायचे. बऱ्याच ठिकाणी रेडिएटरमधलं कूलंट काढून साधं पाणी भरायला सांगतात, कारण कूलंट सांडलं की रस्ता तेल ओतल्यासारखा निसरडा होतो आणि सहज वाळत नाही. सकाळच्या माहितीसत्रात झेंडे समजावतात, तिथे लक्ष द्या: पिवळा म्हणजे पुढे धोका, ओव्हरटेक बंद, लाल म्हणजे सेशन थांबलं, हळू होऊन आत या, काळा तुमच्याकडे दाखवला तर तुम्ही पिटमध्ये या, चौकडीचा म्हणजे सेशन संपलं.

आणि टायरची हवा. ट्रॅकवर टायर खूप तापतात, आत कोंडलेल्या हवेचा दाब तापमानाबरोबर वाढतो. तीस अंशांच्या सकाळी ३० पीएसआय भरली आणि आतली हवा सत्तर अंशांवर गेली तर काटा साधारण ३६ दाखवतो. तेवढ्यानं टायर फुगून कडक होतो, जमिनीला टेकणारी जागा आक्रसते आणि पकड जाते. म्हणून रस्त्याच्या हिशेबानं भरलेली हवा ट्रॅकवर चालत नाही. किती कमी भरायची ते टायरच्या कंपनीवर आणि गाडीवर अवलंबून असतं, ते आयोजकांना किंवा तुमचेच टायर वापरणाऱ्या कुणाला विचारून घ्या. नंतर प्रत्येक सेशन संपवून आत आल्या आल्या, टायर गार होण्याआधी, स्वतःच्या गेजनं मोजा आणि वहीत लिहून ठेवा. दुपारी ट्रॅक तापतो, तेव्हा सकाळचा आकडा पुन्हा बदलावा लागतो.